धरमसिंगचा ताप

गोमतीबाईला मेडशीत सगळे येडी म्हणायचे. येडी ती अजिबात नव्हती. आमच्या मळ्यातल्या कांद्याच्या वाफ्यात तिच्याएवढं स्वच्छ निंदण दुसऱ्या बाईचं नसे, आणि बोलणंही सरळ असे. पण मजुरांची एखादी टोळी बिऱ्हाड बांधून मोटारीची वाट पाहत उभी दिसली की ती खुरपं खाली ठेवायची, रस्त्यावर जायची आणि त्या लोकांना म्हणायची, "जाऊ नका रे बाबाहो. तिथी मेले त घरी ताप सांगतीन." तरणी पोरं हसायची. मुकादम तिला हाकलायचा. ती परत येऊन वाफ्यात बसायची.

हा ताप कसला, ते तिनं माझ्या आईला, तुळसाबाईला, सांगितलं होतं. एका बैठकीत नाही. निंदता निंदता, तुकड्यातुकड्यानं. ती तांड्यावरची; तिथली माणसं आपसात गोरमाटी बोली बोलत, पण आईशी ती वऱ्हाडीच बोलायची. आईकडून ते माझ्याकडे आलं.

गोमतीबाईचं माहेर मालेगावच्या पलीकडे, डोंगरातल्या एका तांड्यावर. बाप लवकर गेला. थोरला भाऊ गोविंदसिंग यानं तिला वाढवलं आणि लग्नही त्यानंच लावून दिलं. तिला तो भावाहून जास्त होता. भिया म्हणायची ती त्याला. पायात काटा मोडला की तो तिला खांद्यावर घेऊन डोंगर उतरायचा, हे ती सांगायची. आणि सांगून झालं की तोंड कडू झाल्यासारखी थुंकायची.

नवरा धरमसिंग मेडशीजवळच्या तांड्यावरचा. तो विहिरी खोदायचा. आमच्याकडचा काळा दगड फोडणं म्हणजे खेळ नव्हे, पण धरमसिंगनं हात घातलेली विहीर पाणी लागेपर्यंत सुटत नसे. कमी बोलणारा, अंगानं धिप्पाड माणूस. घरात तो, गोमती आणि त्याचा म्हातारा बाप लखीराम. मूल झालं नव्हतं. त्यावरून सासरा तिला कधी टोचून बोलला नाही, आणि नवराही नाही.

सन पन्नास उलटून गेल्यावर आमच्या बाजूला रेल्वेच्या नव्या लाइनीचं मातीकाम निघालं. तांडेच्या तांडे त्यावर जाऊ लागले. गोविंदसिंग तोवर मुकादम झाला होता. हिंदी सफाईनं बोलायचा, ठेकेदाराच्या जीपमध्ये पुढं बसायचा. एका संक्रांतीनंतर तो बहिणीकडे आला आणि धरमसिंगला म्हणाला, "भाऊजी, माती उकरून काय भेटते? दगडाचं काम हाय. मोठ्या कंपनीचं. समुद्राच्या काठावर खान निघाली."

"कायची खान?"

"शिशाची. शिसं न् जस्त. सायबाले दगडातले मानसं पाह्यजेत. म्या तुमचंच नाव सांगतलं."

लखीरामला ते पटलं नाही. एवढ्या लांब कशाला, म्हणाला. पण बोलावणारा बायकोचा भाऊ. धरमसिंगनं गोमतीकडे पाहिलं, गोमती भावाकडे पाहून हसत होती. ती निघाली तेव्हा सासऱ्याची सोय तिनं शेजारच्या जमनाबाईकडे लावून दिली होती.

अकोल्याहून रेल्वेनं मुंबई, तिथून आगबोट, आगबोटीतून लहान पडाव. त्या जागेचं नाव गोमतीबाईला शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही. कोकणाच्या पार खालच्या अंगाला कुठंतरी, एवढंच. सरळ तुटलेला उंच कडा, त्याच्या पायाशी वाळूची चिंचोळी पट्टी. भरती आली की ती पट्टीही जायची. माणसांची वस्ती म्हणजे कड्याच्या पलीकडच्या अंगाला मासेमार गाबितांची थोडी घरं. मोटारीचा रस्ता नाही, बाजार नाही. मेडशी-मालेगावच्या टोळीनं झावळ्यांच्या झोपड्या घातल्या आणि काम सुरू झालं.

कड्याच्या बुडाशी पांढऱ्या गारेचा एक पट्टा होता. त्यात ते शिसं चमकायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बायांना वाटलं चांदीच आहे. एकीनं खडा दातांनी चावून पाहिला. साहेब हसला आणि म्हणाला, शिसं आहे ते, तोंडात घालू नका. हा साहेब तरुण होता, गोरा, गळ्यात रुमाल बांधायचा, सगळ्यांना जी लावून बोलायचा. जस्ताचा दगड वेगळा, गुळाच्या ढेपेसारखा तपकिरी. बाप्ये फोडायचे, बाया ते दगड बाहेर आणून चमकणारे वेगळे काढायच्या, त्यांचा वाळूच्या वर ढीग लावायच्या. गाबितांच्या झऱ्यावरून पाणी आणायला कडा चढून जावं लागे. तिथली एक म्हातारी गोमतीच्या हातातल्या बांगड्या उचलून उचलून बघायची आणि मग बाकीच्यांना बाजूला सारून तिची घागर भरून द्यायची. दोघींना एकमेकींचं बोलणं फारसं कळत नव्हतं.

सुरुवातीला पट्टा चांगला होता. त्याच्या मागं मागं कड्याच्या पोटात बोगदा निघाला. धरमसिंगला ते आवडलं नाही. "विहिरीत कितीबी खाली गेलं त डोक्यावर आभाळ दिसते," तो गोमतीला म्हणाला. "इथी वर पाह्यलं का दगडच." पण साहेबानं छताला टेकू द्यायला सागाचे वासे आणि जाड फळ्या आणवल्या होत्या. धरमसिंग स्वतःच्या हातानं टेकू ठोकायचा आणि मगच पुढं सरकायचा.

मग पट्टा बारीक व्हायला लागला. हाताएवढा होता तो बोटाएवढा झाला, नंतर दोऱ्याएवढा, आणि होळीच्या सुमाराला दोराही तुटला. पुढं नुसता तांबूस, कुजका, ओला दगड. बोगदा उजवीकडे वळवून पाहिला, डावीकडे वळवून पाहिला. काही नाही. खाणीत जेवढं होतं तेवढं बाहेर वाळूवर ढीग घालून पडलं होतं. साहेबाचं जी लावणं बंद झालं. तो झोपडीत बसून राहायचा.

टोळी खुशीत होती. काम संपलं, आता घरी जायचं. पण गोविंदसिंग साहेबाच्या झोपडीतून बाहेर आला तो वेगळंच सांगत. मुंबईहून कंपनीचे भागवाले येणार होते, खाण बघायला. त्यांच्या पैशावर सगळं चाललं होतं. त्यांना रिकामा दगड दाखवून चालणार नव्हतं.

मग जे झालं ते सगळ्या टोळीनं मिळून केलं. ढिगातले चांगले चमकणारे दगड परत आत नेले. बोगद्यात शिरल्यावर समोर येणाऱ्या भिंतीत खाचा पाडल्या, चुना आणि लाल माती कालवून त्यात ते दगड बसवले, वरून ओला चिखल फासला. बाया पाट्या वाहत होत्या, पुरुष दगड बसवत होते, आणि सगळ्यांना हसू येत होतं. महिनाभर आतलं बाहेर काढलं, आता बाहेरचं आत. दिव्याच्या उजेडात ती भिंत खरोखरच खऱ्या पट्ट्याहून चांगली दिसायला लागली. गोविंदसिंग म्हणाला, "पाहा, आपुन खान बनोली!"

पाहुण्यांसाठी मांडव पाहिजे होता. बसायला पाट पाहिजे होते, खडकांवरून त्यांचे बूट ओले न होता चालता यावं म्हणून फळ्या पाहिजे होत्या. एवढं लाकूड तिथं कुठून येणार? बोगद्यातलं काढलं. तोंडाकडचे टेकू तसेच ठेवले, पण आतले सगळे वासे आणि फळ्या गोविंदसिंगनं काढायला लावल्या. धरमसिंग तक्रारीच्या सुरात बोलला तेव्हा त्यानं सांगितलं, "चार दिवसाचं काम हाय, भाऊजी. पाव्हने गेले का आपुनबी चाललो घरी. आता आत कोनाले जायचं हाय?"

चैत्रात पाहुणे आले. जाड अंगाचे, घामाघूम झालेले लोक. एकानं आत डोकावलं, एकदोघं वाकून भिंतीपर्यंत गेले. एकानं भिंतीतला दगड बोटानं खाजवून पाहिला आणि "वा वा" म्हणाला. मांडवात जेवणं झाली. साहेबाच्या पाठीवर थापा पडल्या.

आणि ते इतके खूष झाले की जाता जाता हुकूम देऊन गेले: पावसाळ्याआधी काम थांबवायचं नाही. आणखी आत जा. अशीच धातूची शीर लागत असेल तर पुढच्या वर्षी यंत्रं आणू. आपल्यातला एक माणूस त्यांनी देखरेखीला मागं ठेवला. साहेबाला नाही म्हणता येईना. नाही म्हणायचं तर भिंत कोणी केली ते सांगावं लागलं असतं.

म्हणून रिकाम्या दगडात परत खोदकाम सुरू झालं. आणि लाकूड नव्हतं. थोड्या फळ्या भरतीत वाहून गेल्या होत्या, वाशांचे तुकडे स्वयंपाकाला जळले होते. नवीन लाकूड आगबोटीनं येणार होतं. ते येतच नव्हतं.

वैशाख संपत आलेला. समुद्र फिरायला लागला होता. पावसाळ्यात आगबोट बंद होते, म्हणून परतीची शेवटची फेरी पकडायची होती. त्या दिवशी सकाळी सुरुंग लावून झाल्यावर धरमसिंग आत जाऊन आला आणि बाहेर येऊन पहार टेकवून बसला. "छत लटकून राह्यलं," तो म्हणाला. "टेकू आल्याबिगर मी आत पाय टाकनार नाई."

देखरेखीचा माणूस बघत होता. साहेब वाळूत रेघा काढत उभा होता. गोविंदसिंग मेव्हण्याजवळ गेला.

"भाऊजी, तुमी बसले त सारी टोळी बसते. लोकायसमोर माही काय इज्जत राहीन?"

"तुई इज्जत वर लटकून नाई राह्यली. दगड लटकून राह्यला."

"आज एकच दिस. उद्या मी सोता मांडवाचे खांब उपटून आनतो. माया शब्द हाय." मग तो बहिणीकडे वळला. "गोमती, सांग ना याले. घरचाच मानूस असं करते त दुसऱ्याले मी काय म्हनू?"

गोमतीनं सांगितलं नाही. ती म्हणाली, "भिया, खांब आजच आन ना. मांडव आता कायले पाह्यजे?"

"पाव्हन्याचा मानूस हाय अजून. सायेब नाई म्हनते."

धरमसिंग उठला. बायकोसमोर तिच्या भावाशी वाद वाढवणं त्याला जमलं नाही. "चाल," तो खेमाला म्हणाला. खेमा त्यांच्याच तांड्यावरचा, नुकतं लग्न झालेला जवान गडी. दोघं आत गेले. खेमा पाटी भरून बाहेर आला, आणि त्याच्या मागं आतून एक जड आवाज झाला. मग धूळ. समुद्राच्या ओल्या हवेतही ती धूळ बराच वेळ खाली बसली नाही.

सगळे धावले. पुंजाजी नावाचा गडी सगळ्यात पुढं होता. हातानं दगड उपसायला लागले, एकेक बाहेर फेकायला लागले. आणि कोणीतरी "थांबा" म्हणालं. सगळे गप्प झाले. आतून आवाज येत होता. लोखंड दगडावर आपटल्याचा. थांबून, परत.

"जिता हाय!" खेमा ओरडला.

त्यांनी पुन्हा उपसायला घेतलं, आणि छताचा आणखी एक भाग खाली आला. पुंजाजीचा पाय सापडला, नडगी मोडली. त्याला ओढून बाहेर आणलं. साहेब पांढराफटक झाला होता. "बाहेर या, सगळे बाहेर या," तो ओरडत राहिला. सगळे बाहेर आले. गोमती आत शिरायला लागली तेव्हा गोविंदसिंगनं तिला मागून मिठी मारून धरलं.

"भिया, ठोकून राह्यला तो! आयक!"

"समुद्र हाय तो, गोमती. खडकावर पानी आपटून राह्यलं."

"समुद्र असा ठोकते काय?"

ती त्याच्या हाताला चावली. त्यानं सोडलं नाही. दुपारची भरती आली, बोगद्याच्या तोंडापर्यंत पाणी चढलं, आणि मग पाण्याशिवाय दुसरा आवाज ऐकू येईना. पाणी उतरलं तेव्हा ती जाऊन दगडांना कान लावून बसली. खेमाही बसला. आत काही नव्हतं.

पुढच्या दिवशी साहेबानं बोगद्याचं तोंड दगडांनी बुजवायला लावलं. पुन्हा कोणी आत जाऊन जीव गमावू नये म्हणून, असं त्यानं सांगितलं. मांडवाचे खांब तेव्हाही उभे होते. गाबितांची ती म्हातारी कडा उतरून आली, गोमतीशेजारी वाळूत बसली, आणि आपल्या बोलीत काहीतरी पुटपुटत तिच्या केसांतली वाळू काढत राहिली.

शेवटच्या आगबोटीनं टोळी निघाली. बोटीवर गोविंदसिंग एकेकाला बाजूला घेऊन बोलला. खाणीत माणूस मेला असं झालं तर चौकशी येईल. मग ती भिंतही निघेल, आणि भिंत सगळ्यांनी केली आहे. ठेकेदार पुन्हा आपल्या तांड्यांना कामावर घेणार नाही. धरमसिंगला ताप आला. तिकडचा ताप वाईटच असतो. माणूस तर गेला, आता कशानं गेला ते सांगून तो परत येणार आहे का? गोमतीपाशी मात्र तो आला नाही. बहीण आहे, समजून घेईल, असं त्यानं धरलं असावं.

मेडशीच्या तांड्यावर पोचल्यावर बाया रडत पुढं आल्या. लखीराम खाटेवरून उठला नाही. त्यानं फक्त विचारलं, "कशानं?"

"तापानं," गोविंदसिंग म्हणाला. "लई उपाय केले, मामाजी. आमी सारेजन होतो. चांगली अग्नी देली. राख समुद्रात सोडली."

"खोटं हाय!" गोमती म्हणाली. तिचा आवाज साऱ्या तांड्यानं ऐकला. "खानीत दबला तो. जिता दबला. यानं टेकू काढले अन् यानंच आत पाठोलं. अजूनबी तिथीच हाय तो, दगडाखाली."

रडणं थांबलं. तांड्याचा नायक बाबूसिंग शहाणा माणूस होता, त्यानं लगेच कोणाला काही विचारलं नाही. उद्या सकाळी पंचायत बसेल, टोळीतले सगळे येतील, तेव्हा बोलू, असं सांगून त्यानं लोकांना घरी पाठवलं.

संध्याकाळी घरात सासरा आणि सून दोघंच होती. जमनाबाईनं आणून दिलेली भाकर तशीच पडली होती. लखीरामनं ती बाजूला सारली. मग म्हणाला, "गोमती, तू म्हनतं ते खरं हाय ना?"

"खरं हाय, मामाजी."

"म्हंजे माया पोराले अग्नी नाई भेटली."

 तांड्यात लग्न झालेल्या माणसाला जाळतात, पुरत नाहीत. पुरतात ते बिनलग्नाच्या पोरांना.

"तो ठोकत होता म्हनतं. कोनी काढलं नाई त्याले." म्हाताऱ्याचा आवाज अगदी साधा होता. "माये आता किती दिस राह्यले? हे घेऊन मी रोज निजू कसा? तुले पंचायतीत बोलून काय भेटनार, मले ठाव नाई. पन मले एक दे. ताप होता म्हन."

"मामाजी..."

"ताप होता, त्याले जाळलं, तू तिथी होती. मले असं सांग. सांगशीन?"

तिनं आईला सांगितलं होतं की त्या क्षणी तिला सासऱ्याचा राग आला. असा राग, की उठून बाहेर जावं. पण तो दोन्ही हात जोडून बसला होता, आणि त्या घरात तिच्यापुढं आजवर कोणी हात जोडले नव्हते.

"ताप होता," ती म्हणाली. "म्याच पानी पाजलं शेवटाले."

"काही बोलला काय?"

"तुमचं नाव घेतलं."

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि खाल्ला.

दुसऱ्या दिवशी पंचायत बसली. टोळीतल्या एकेकाला बाबूसिंगनं विचारलं. सगळ्यांनी खाली मान घालून ताप सांगितला. पुंजाजी मोडका पाय पुढं पसरून बसला होता, त्यानंही बोटीतून उतरताना पडलो म्हणून सांगितलं. खेमाची पाळी आली तेव्हा त्यानं गोमतीकडे पाहिलं. ती एक शब्द बोलली असती तर तो खरं बोलला असता, याची तिला खात्री होती. पण लखीराम तिथंच, सगळ्यांच्या पुढं, खाटेवर बसवून आणलेला होता. ती खेमाकडे पाहत राहिली आणि बोलली नाही. खेमाही ताप म्हणाला.

शेवटी बाबूसिंगनं तिला विचारलं, "तू काल दुसरं म्हनत होती."

"काल माहं डोकं ठिकानावर नव्हतं," ती म्हणाली. "तापच होता."

गोविंदसिंगनं डोळे पुसले. खरे पुसले, असं ती म्हणायची. त्याला वाटलं बहिणीनं आपल्याला वाचवलं.

लखीराम त्यानंतर दोन वर्षं जगला. नीट जेवायचा, ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा की पोरगा परमुलखात गेला पण चांगल्या माणसांत गेला, मेव्हण्यानं पोटच्यासारखं केलं. गोमती चुलीपुढं बसून ते ऐकायची. गोविंदसिंग मधून मधून यायचा, म्हाताऱ्यासाठी तंबाखू आणायचा, आणि म्हातारा त्याचा हात हातात घेऊन बसायचा. ती दोघांना पाणी द्यायची. आमच्या मळ्यात ती कामाला यायला लागली ती याच दिवसांत.

म्हातारा गेला, तेराव्याला माहेरची माणसं आली. त्यांच्यात बाई माहेरच्या माणसाला अशा वेळी भेटली की गळ्यात पडून सूर धरून रडते. त्या रडण्यातच सगळं सांगायचं असतं. गोविंदसिंग हात पसरून पुढं आला. गोमती हात खाली सोडून उभी राहिली. तो तसाच हात पसरून थांबला, सगळा तांडा बघत होता. तेव्हा ती बोलली. रडली नाही, नुसतं बोलली. भिंत, टेकू, लटकलेलं छत, ठोक्यांचा आवाज, बुजवलेलं तोंड, सगळं.

कोणी मधे पडलं नाही. तिचं संपल्यावर बाबूसिंग नायक म्हणाला, "बाई, तूच त पंचायतीत ताप म्हनली होती. आमी कोनतं खरं धरावं?"

"हे धरा."

"मंग ते कायले म्हनलं?"

तिनं लखीरामच्या रिकाम्या खाटेकडे बोट केलं. पण त्याचा अर्थ तिच्याशिवाय कोणाला लागला नाही. त्या दिवसापासून ती येडी झाली. धक्क्यानं डोकं फिरलं, आधी नवरा गेला मग सासरा, असं माहेरच्यांनीच पसरवलं. तिची म्हातारी याडी, म्हणजे आई, अजून होती. तिनं निरोप पाठवला: भावाचं नाव घालवणारी पोरगी माह्या दारात नको.

पुढच्या उन्हाळ्यात गोविंदसिंग स्वतः आमच्या मळ्यावर आला. अंगात पांढरा स्वच्छ सदरा, पण माणूस खंगलेला दिसत होता. त्याच्या मुलीचं लग्न होतं. आत्याशिवाय लग्न कसं लागायचं, म्हणून तो बोलवायला आला होता. आई मिरच्या तोडत होती, ती बाजूला झाली, पण तिला ऐकू येत होतं.

"गोमती, पोरीसाठी चाल. माह्यावर राग धर, पोरीवर नको धरू."

"एक सांग मले. इथी कोनी नाई. तो ठोका होता का समुद्र?"

तो धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसला. त्यानं मातीचं ढेकूळ बोटांनी फोडलं. "ठोका होता," तो म्हणाला. "मले आयकू येत होता. पन आजून चारजन दबले असते, गोमती. पुंजाजीचा पाय तुया डोळ्यासमोर मोडला. कोनाले आत पाठोऊ मी? कोनाच्या बायकोले आनखीन रांडकी करू?"

"ते मी समजली असती," ती म्हणाली. "मुकादम होता तू, लोकायचा जीव पाह्यचा होता, समजली असती. पन ताप?"

"तूबी त म्हनलं ताप!"

"म्या म्हाताऱ्यासाठी म्हनलं. तू कोनासाठी म्हनलं?"

त्यानं हातातली माती झटकली.

"चारचौघात सांग," ती म्हणाली. "लग्नाच्या मांडवात सांग, बाबूसिंगसमोर. मंग येईन. पोरीले हळदबी लावीन."

"तसं केलं त माह्याकडे कोन येईन कामाले? पोरीचे सासरचे काय म्हनतीन?"

"मंग जाय."

तो उठला. जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवायला त्यानं हात उचलला होता, पण ती खाली बसून निंदायला लागली होती. आई म्हणाली, "बाई, कबूल त केलं ना त्यानं. जाय ना आता." गोमतीनं मान वर केली. "माह्यासमोर केलं, वैनी," ती म्हणाली. "मले त ठावच होतं."

लग्नाला ती गेली नाही. माहेरच्या तांड्यानं तिचं येणं-जाणं बंद केलं. वर्षभरात याडी वारली, ते तिला माहेरकडच्या कोण्या बाईकडून, कामावर, उडत उडत कळलं. त्या दिवशी तिनं अर्ध्यातून काम सोडलं, आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर आली.

गोविंदसिंग त्या दिवाळीनंतर नवी टोळी घेऊन कुठल्या तरी धरणाच्या कामाला निघाला. मेडशीच्या तांड्यावरची माणसं त्यात होती, आणि खेमाही होता. निघण्याआधी खेमा वाटेत खायला मिरच्या न्यायला मळ्यावर आला. आईनं ओंजळभर मिरच्या त्याच्या दुपट्यात घातल्या. तो गोमतीसमोर उभा राहिला, तिच्याकडे न बघता.

"तूबी चालला?" ती म्हणाली. "तुवा त आयकलं होतं रे."

"आयकलं होतं, काकी," खेमा म्हणाला. "पन त्याच्याबिगर आमाले नेते कोन?"

 त्यानं मिरच्यांची गाठ बांधली आणि नाला ओलांडून तांड्याकडे गेला.